सायीतल्या तिसऱ्यांवरचा आळ

कुंदा, काल तुझं तिखट झालं. सुतक संपलं की चौदाव्या दिवशी मासळी शिजवायची, जवळच्यांना जेवू घालायचं, ही आपल्याकडची रीत तू स्वतः दोनदा पार पाडली होतीस, एकदा सासऱ्यांच्या वेळी आणि एकदा सासूबाईंच्या. काल पापलेट होतं, कोळंबीचं कालवण होतं, ताजे बोंबील तळले होते. शिंपल्यांतल्या तिसऱ्या तेवढ्या नव्हत्या. तुझ्या वन्संनी दारावर येणाऱ्या मच्छीवालीला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं की या घरात तिसऱ्या आणायच्या नाहीत. का, ते त्यांनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना ऐकवलंच.

बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. वन्संनी तुझ्या प्राचीला बोलावलं, तिच्या कुर्त्याची बाही वर सारली आणि मनगटाच्या आतला पांढरा डाग सगळ्यांना दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा आहे. पोरीनं तो कुणाला सांगितला नव्हता. भांडी घासताना तो वन्संना दिसला.

"आईचंच आलंय," वन्सं म्हणाल्या. "दुधात मासळी शिजवून खायची हौस. स्वतः खाल्ली, पोरीला खाऊ घातली. कोड येणार नाही तर काय होणार? आणि औषधाला उशीर केला तो केलाच. हिचं आपण वेळेवर करू. ती तलासरीपलीकडची पुडी उद्यापासून चालू. नीलमताई आणतील, त्यांना रस्ता माहीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होते. प्राचीनंही बघितलं. आणि मी मान हलवली, कुंदा. हो म्हणून हलवली. तिथून घरी येईपर्यंत मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

कारण मला गुरुवारीच कळलं होतं. त्या पुड्यांपैकी दोन माझ्या पर्समध्ये राहिल्या होत्या, तू हॉस्पिटलमध्ये गेलीस म्हणून द्यायच्या राहिलेल्या. गुरुवारी एक पुडी घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती कागदावर ओतली, बोटानं पसरली आणि विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दीड वर्ष. ते म्हणाले, "बाई, असल्या पावडरीत काय काय घातलेलं असतं याचा पत्ता नसतो. अशी पुडी दीड वर्ष पोटात गेल्यावर किडनी खराब व्हायला आणखी कारण शोधायची गरज नाही." आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, बंद करून बघता आलं असतं, नक्की सांगता येत नाही. तरी काल मी मान हलवली.

तुझ्याबद्दल सगळे गोड बोलतायत. मनमिळाऊ होती, हसतमुख होती, शाळेतल्या शोकसभेत हेडमास्तरांनी तुला शांत स्वभावाची म्हटलं तेव्हा मला हसू फुटलं. तू आणि शांत. मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे आणि आज हे लिहिताना ते लपवणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्याबद्दल तर बोलता येईल ना, मी अजून आहे.

अकरा वर्षं आपण एकत्र गेलो-आलो. डहाणू रोडवरून सकाळची जीप, आशागड, चारोटी नाक्याला उतरायचं, मग हायवेनं मिळेल ते पकडून तलासरीची आपली शाळा. मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं आणि त्यात तुझं तोंड सुरू. आज रात्री काय करायचं, रविवारी काय करायचं. एखादा शाकाहारी माणूस शेजारी बसला असेल तर तुला जास्तच चेव यायचा. तिसऱ्या कशा थुंकतात, खेकड्याचा पाय कसा मोडायचा, सगळं तपशिलात. तो बिचारा खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मी तुला कोपरानं ढोसायची.

सायीतल्या तिसऱ्यांचा शोध तुझाच. फोनवर कुठलासा व्हिडिओ बघितलास, कोणी गोरा माणूस समुद्रकिनारी शिंपल्यांवर क्रीम ओततोय, आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जाहीर केलंस की आपण हे करणार. मी म्हटलं, क्रीम कशाला, नारळाचं दूध घाल, आपल्याकडे नारळ काय कमी आहेत? तू म्हणालीस, "नारळाचं दूध तर माझी आजीपण घालायची. मला साय घालायचीय. घट्ट, म्हशीची." मी म्हटलं, दूध आणि मासळी एकत्र खात नाहीत, अंगावर डाग उठतात. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं चौथीतल्या पोरानं पृथ्वी सपाट आहे म्हटल्यावर बघायचीस. "नीले, तू विज्ञान शिकवतेस ना गं? की नुसता पगार घेतेस?"

मग त्या रविवारी तुझ्या क्वार्टरमध्ये तो प्रयोग झाला. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून तू त्यांना वाळू ओकायला लावलीस. मग कोरड्या पातेल्यात, झाकण घालून, पाण्याचा थेंब न घालता. झाकणाखाली एकेक शिंपली टक टक उघडायला लागली तेव्हा तुझे हेमंतराव ड्युटीवरून आले आणि विचारू लागले की कुकरला काय झालं. पातेल्यात सुटलेलं खारं पाणी तू फडक्यातून गाळून घेतलंस. लोण्यावर ओल्या लसणीची पात, हिरवी मिरची, चमचाभर तांदळाचं पीठ, त्यात ते गाळलेलं पाणी, आणि शेवटी साय. साय फाटली. पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या आणि मी म्हटलं, बघ, देवालाच मंजूर नाही. तू सगळं पातेलं बाजूला सारलंस आणि दुसऱ्या रविवारी परत केलंस. तिसऱ्या रविवारी जमलं.

जमलं तेव्हा काय जमलं, कुंदा. आपण तिघी, तू, मी आणि शाळकरी प्राची, जमिनीवर ताटली मध्ये ठेवून बसलो होतो. शिंपलीनंच रस उचलून प्यायचा, असा तुझा नियम. माझ्या हनुवटीवरून ओघळ आला आणि तू म्हणालीस, बघा बाई, विज्ञानशिक्षिका. मी तरीही म्हटलं की नारळाच्या दुधात याहून छान होईल. तू म्हणालीस, करून दाखव. मी कधी करून दाखवलं नाही. तो वाद तसाच राहिला आणि आता तू जिंकलीस असं धरून चालायला लागणार, याचाही मला राग आहे.

पुढे दोन-तीन वर्षांनी तुझ्या मानेवर डाग आला. मग ओठाच्या कडेला. तू स्वतः त्वचेच्या डॉक्टरकडे गेलीस, मी सोबत होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं की हे खाण्यापिण्यानं होत नाही, यानं जीवाला काही धोका नाही, मलम लावा, थोडा धीर धरा. बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, ऐकलंस ना? आणि आपण स्टेशनबाहेर चहा प्यालो. तेव्हा तू ठीक होतीस. डाग तुला झेपत होता.

झेपला नाही तो वन्संना. त्या बोईसरहून आल्या की आधी तुझी मान बघायच्या, मग स्वयंपाकघर. साय कुठल्या पातेल्यात आहे, मासळीची भांडी कुठली. एकदा त्यांनी हेमंतरावांसमोर म्हटलं, "उद्या प्राचीला बघायला येतील. आईला कोड आहे हे लपवणार कसं? ते विचारतील, खाण्यात काय होतं?" हेमंतराव पेपर वाचत होते. वाचतच राहिले. भला माणूस आहे, पण त्या दिवशी त्यानं पेपर खाली ठेवायला हवा होता. तू दुसऱ्या दिवशी जीपमध्ये गप्प होतीस. आशागड गेलं, चारोटी आली, तुझं तोंड उघडलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "माझं काय गं, माझं लग्न झालंय. पोरीचं कसं करू?"

आणि इथे मी आले. इतका वेळ दुसऱ्यांची नावं घेतली, आता माझं. शाळेतल्या एका बाईंच्या भाचीचा डाग गेला होता म्हणे. तलासरी सोडून सीमेपलीकडे गुजरातेत गेलं की आत एका गावात एक माणूस बसतो, पुडी देतो. हे मी ऐकलं आणि तुला सांगितलं. तू म्हणालीस, कोण कुठला माणूस. मी म्हटलं, "करून तर बघ. काय बिघडतंय?" तुझ्यापेक्षा मला ते सोपं वाटलं. तू दुःखी होतीस आणि मला तुझं तोंड पुन्हा सुरू झालेलं हवं होतं. मीच म्हटलं, तुला कशाला हेलपाटा, मी आणत जाईन. महिन्याच्या शेवटी शाळा सुटली की मी जीपनं जायची, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तीस पुड्या घेऊन यायची. दीड वर्ष. आजारी मुलाचं औषध आणावं तशा काळजीनं पर्समध्ये जपून.

त्या पुडीला पथ्य होतं. मासळी नाही, दूध नाही, पांढरं काही नाही. तू शनिवारी सकाळची शाळा संपली की माझ्या घरी यायचीस आणि माझ्या ओट्यावर सायीतल्या तिसऱ्या करायचीस. घरात चोरून, नणंदेपासून चोरून, पुडीपासून चोरून. खायचीस, बडीशेप चघळायचीस, आणि घरी जाऊन रात्रीची पुडी पाण्यातून घ्यायचीस. मी म्हणायची, कुंदा, एक काहीतरी ठरव. तुझा त्या तिसऱ्यांवर विश्वास आहे की पुडीवर? तू म्हणायचीस, "तिसऱ्यांवर विश्वास आहे. पुडी प्राचीसाठी आहे." तुझ्या हातातली पुडी हिसकावून घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी तुझ्यासाठी ओली लसूण निवडत बसायची.

दिवाळीच्या सुमारास तुझे पाय सुजले. सँडलचा पट्टा लागेना. सकाळी मळमळायचं, जीपमध्ये तोंडाला पदर लावून बसायचीस. मला काय वाटलं असेल? शिकलेली बाई मी, पोरांकडून अवयवांची चित्रं काढून घेणारी. मला वाटलं, पथ्य मोडतेय म्हणून होतंय. मला वाटलं, सायीतल्या तिसऱ्यांनी होतंय. इतकी वर्षं तुझ्यासोबत बसून त्या मी खाल्ल्या होत्या आणि माझे पाय ठणठणीत होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या महिन्यात मी त्या माणसाला जाऊन सगळं सांगितलं. हो, मी सांगितलं. शनिवारचं, सायीचं, सगळं. चुगली केली तुझी. तो हसला. "परेजी तोडी ने? तो डबल लेवानी," म्हणाला. पथ्य मोडलं तर दुप्पट घ्यायची. आणि मी साठ पुड्या घेऊन आले.

तुला मी काय सांगितलं, आठवतंय? मी म्हटलं, आता तिसऱ्या बंद, माझ्या घरात साय येणार नाही, आणि पुडी दोन वेळा. दरडावून म्हटलं. तू इतकी थकलेली होतीस की भांडली नाहीस. माझ्याशी. तू. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तुला बरं नाहीये. जे तुला मारत होतं ते मी दुप्पट केलं आणि जे तुला आवडत होतं ते बंद केलं. यापुढे मला कोणी शहाणी म्हटलं तर त्याच्या थोबाडीत मारीन.

मग हॉस्पिटल. तिथे तू पलंगावर, मी स्टुलावर, हेमंतराव खाली फॉर्म भरायला गेलेले. तरुण डॉक्टरीणबाई आल्या, फाइल बघितली आणि विचारलं, "काही देशी औषधं, पुड्या, भस्मं वगैरे घेत होतात का? असेल तर सांगा, त्यावर उपचार ठरतात." तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मला ठाऊक नाही. माझी पर्स माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात द्यायच्या राहिलेल्या त्या दोन पुड्या होत्या. मग तू त्यांच्याकडे मान वळवलीस आणि म्हणालीस, "नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन बंद आहे का ते चाचपलं. त्या गेल्या. तू डोळे मिटलेस आणि मला म्हणालीस, "फळ्यावर तारीख लिहायला सांग गं माझ्या वर्गात, पोरं विसरतात." पुढे आठ दिवस आपण वर्गाबद्दल बोललो, प्राचीच्या परीक्षेबद्दल बोललो, हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवली. पुडीचं नाव दोघींनी काढलं नाही. नवव्या दिवशी तू गेलीस.

हे सगळं घेऊन काल मी त्या दारात उभी होते आणि मान हलवली होती. सकाळी उठल्यावर मी ठरवलं की आज प्राचीला सांगायचं. आज नाही सांगितलं तर वन्सं संध्याकाळी फोन करून विचारणार, कधी जाताय, आणि मी काहीतरी सबब सांगणार, आणि त्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार. प्राची वीस वर्षांची आहे. तिला आत्याला नाही म्हणता येत नाही, आणि आता तर तिला घाबरवून ठेवलंय.

डहाणू गावात गेले, बाजारात. तिथली मच्छीवाली तुझी, नेहमीची. तिसऱ्यांची टोपली पुढे सरकवत म्हणाली, "ताई, आत्ताच काढल्यात, बघ कशा पाणी उडवतात. ती दुसरी ताई नाही आली? ती माझ्याशी लय भांडते, पण माल ओळखते." मी सांगितलं तिला. तिनं मापावर आणखी दोन मुठी टाकल्या आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं. ओल्या लसणीची पात आता शेवटची येतेय, पिवळी पडलेली, तीच घेतली. मग प्राचीला फोन केला आणि म्हटलं, जेवायला ये, एकटी ये.

ती आली तेव्हा तिसऱ्या पाण्यात होत्या. तिनं परात बघितली, मग साय बघितली, आणि दारातच थांबली. "मावशी, आत्या म्हणाली..." मी म्हटलं, आत्या काय म्हणाली ते मी ऐकलंय, बस. ती बसली. मी करायला घेतलं. शिंपल्या उघडल्या, पाणी गाळलं, लोणी वितळलं. साय घेऊन पातेल्यावर गेले तेवढ्यात ती उठून आली आणि तिनं गॅस बंद केला. "आई गॅस बंद करून घालायची. नाहीतर फाटते." तिनं माझ्या हातातला वाडगा घेतला, साय काट्यानं फेटली आणि हळूहळू ओतली. अजिबात फाटली नाही.

आम्ही खाली बसलो. मी पहिली शिंपली उचलून खाल्ली, तिच्यासमोर, सायीसकट. मग तिला म्हटलं, तुला खायची तर खा, नको तर नको, पण मी सांगते ते ऐक. आणि सांगितलं. पहिल्यापासून. त्वचेचे डॉक्टर काय म्हणाले होते. पुडीची गोष्ट कुणी काढली. कोण आणायचं. दुप्पट कुणी केली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं, तू काय म्हणालीस, माझी पर्स कुठे होती. गुरुवारी मला काय कळलं, आणि कळूनही काल मी काय केलं. काही गाळलं नाही. मध्ये एकदा तिनं शिंपली उचलली होती, ती तशीच तिच्या हातात राहिली.

माझं संपलं. तिनं हातातली शिंपली ताटलीत ठेवली. मग तिनं विचारलं, "आई तुला यावरून कधी काही बोलली?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग मी बोलते," ती म्हणाली.

आणि बोलली, कुंदा. आवाज चढवून बोलली, शेजारच्यांनी खिडकी उघडली असेल इतका. म्हणाली, "तू शिकवतेस ना शाळेत? मग माझ्या आईला कुणाचीही पुडी आणून द्यायला लाज नाही वाटली? ती तुझं ऐकायची. बाबांचं नाही ऐकायची, आत्याचं नाही ऐकायची, तुझं ऐकायची. डॉक्टर विचारत होत्या आणि पुडी तुझ्या मांडीवर होती. हात तुझा होता ना? उघडता आली नसती पर्स?" म्हणाली, "रडू नकोस, मला तुझी समजूत काढायची नाहीये." मी रडणं थांबवलं. म्हणाली, उद्या ती एकटी त्वचेच्या डॉक्टरकडे जाणार आहे, मी सोबत यायचं नाही. आत्याला आणि बाबांना आज संध्याकाळी ती स्वतः सांगणार आहे, माझ्या नावासकट. उरलेली पुडी तिनं माझ्याकडून मागून घेतली, त्यांच्यासमोर ठेवायला. आणि काही दिवस मी तुमच्या घरी येऊ नये असं म्हणाली. काही दिवस म्हणजे किती ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी ताटलीपाशी तशीच बसून राहिले. पोरगी वाचली, एवढं नक्की. त्या पुडीला ती आता हात लावणार नाही आणि डागाची तिला आता भीतीही वाटणार नाही, इतकी ती रागावलेली आहे. पण तिनं मला जे सुनावलं त्यातला शब्द न् शब्द तुझा होता. तो तू मला सुनावायचा होतास. दिवाळीला, पाय सुजले तेव्हा, जीपमध्ये, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा. मी रुसले असते. चार दिवस वेगळ्या जीपनं गेले असते. पाचव्या दिवशी येऊन त्या साठ पुड्या तुझ्यासमोर मोरीत ओतल्या असत्या. अकरा वर्षांत माझ्या एकेक चुकीवर तू तोंड सोडलंस, मिठावरून, साडीवरून, माझ्या अक्षरावरून, आणि जिथे तुझा जीव जात होता तिथे नेमकी गप्प बसलीस. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर माझ्याकडे बघितलंस आणि नाही म्हणालीस. मला वाचवलंस. कुणी सांगितलं होतं तुला?